फ्यूज घातला की लाइट येते, आठवड्यात पुन्हा जाते: जुन्या लाइनवरचा दोष शोधायचा कसा

तक्रार ठरलेली असते. संध्याकाळी रस्त्याच्या एका बाजूची लाइट जाते. लाइनमन येतो, डीपीवरचा फ्यूज बदलतो, लाइट येते आणि तक्रार बंद होते. आठवड्याने पुन्हा तेच. मग महिनाभर काही नाही, आणि एखाद्या पावसाळी रात्री लागोपाठ दोनदा. 'लोड वाढलाय' हे उत्तर अशा वेळी सगळ्यांनाच सोयीचं पडतं. कधी कधी ते खरंही असतं. पण जुन्या लाइनवर एकच फ्यूज फिरून फिरून जात असेल तर बहुधा एखाद्या जोडात दोष मुरलेला असतो, आणि लाइट आली म्हणून तो गेलेला नसतो.

मीटर बाहेर काढण्याआधीच या दोषाचा बराचसा माग लागतो. काय गेलं, कोणाकोणाकडे गेलं आणि केव्हा गेलं, एवढं लिहून ठेवलेलं असलं म्हणजे झालं. तारीख, वेळ, हवा आणि फेज अशा चार रकान्यांची साधी वही महागड्या उपकरणाआधी उपयोगी पडते.

डीपी, फीडर पिलर (रस्त्याकडेची वीजवाटपाची पेटी) आणि खांब उघडणं हे वीजपुरवठा करणाऱ्यांच्या माणसांचं काम आहे. राहणाऱ्यांनी नोंद ठेवायची, गरज पडली तर घरातला मेन स्विच पाडायचा आणि तक्रार नेमक्या शब्दांत सांगायची. खाली जे मोजमापाचं आणि दुरुस्तीचं आहे ते काम करणाऱ्यांसाठी. इतरांनी ते वाचलं तर निदान काय विचारायचं ते कळेल.

आधी पुरवठ्याची वाट

उपकेंद्रातून साधारण 11 हजार व्होल्टचा फीडर, म्हणजे मुख्य वाहिनी, निघतो (काही देशांत 20 हजारांचा असतो). तो एकामागून एक रोहित्रांना (ट्रान्सफॉर्मरना) वीज देत जातो. रोहित्रातून तीन फेज (वीज आणणाऱ्या तारा) आणि एक न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) बाहेर पडतात: फेज ते न्यूट्रल 230 व्होल्ट, फेज ते फेज 400. घरं या तीन फेजवर वाटलेली असतात, म्हणून शेजारच्या घरात दिवे आणि आपल्याकडे अंधार असं होऊ शकतं.

दाट वस्तीत हायटेन्शनचा (रोहित्राआधीचा, हजारो व्होल्टचा) फीडर बरेचदा कड्यासारखा असतो. दोन्ही टोकांनी वीज देता येते, पण मधे एका ठिकाणी तो मुद्दाम उघडा ठेवलेला असतो. दोष आला की तेवढा तुकडा दोन्ही बाजूंनी तोडायचा, उघडी जागा जोडायची आणि बाकीच्यांना दुसऱ्या टोकाने पुरवठा द्यायचा. लोटेन्शनच्या (रोहित्रानंतरच्या, 230-400 व्होल्टच्या) बाजूला अशी सोय क्वचित असते. तिथे वीज एकाच टोकाने येते आणि शेवटच्या घरापर्यंत जाता जाता दमते. जुन्या जाळ्याचं रडगाणं बहुतेक या शेवटच्या काही शे मीटरांतलं असतं.

काय गेलं ते नीट पाहा

'लाइट गेली' या दोन शब्दांत तीन वेगवेगळे दोष लपलेले असतात. तिघांची लक्षणं वेगळी आणि धोकेही वेगळे.

पहिला प्रकार: एक फेज पूर्ण गेला, बाकीचे दोन ठणठणीत. लोटेन्शनचा एक फ्यूज उडालाय, किंवा त्या फेजची तार वा जंपर (दोन तारा जोडणारा छोटा तुकडा) तुटलाय. इथे एक फसगत होते. त्या भागात थ्री-फेज मोटर चालू असेल तर ती उरलेल्या दोन फेजवर फिरत राहते आणि मेलेल्या फेजवर उलट व्होल्टेज दाखवते. डिजिटल मीटरला तर नुसत्या शेजारच्या तारांमुळेही आकडा दिसतो. म्हणून टेस्ट लॅम्पसारखा थोडा लोड लावून तपासल्याशिवाय 'फेज आहे' असं म्हणू नये.

दुसरा प्रकार: एका फेजवर पूर्ण व्होल्टेज आणि दोन फेजवर साधारण निम्मं. ट्यूब लागत नाही, जुना बल्ब मिणमिणतो, फ्रिज नुसता घुमतो. हा लोटेन्शनचा दोष नाहीच. रोहित्राच्या हायटेन्शन बाजूचा एक फ्यूज गेलाय. ती बाजू डेल्टात, म्हणजे तीन वाइंडिंग त्रिकोणात, जोडलेली असते. एक फेज गेला की एका वाइंडिंगला पूर्ण व्होल्टेज मिळतं आणि उरलेली दोन एकामागे एक येऊन तेवढंच व्होल्टेज आपसात वाटून घेतात. त्या दोघांवरचा लोड सारखा नसेल तर निम्मंही सारखं राहत नाही. हे लक्षण फोनवर कोणी नीट सांगितलं तर लाइनमनची एक खेप वाचते, कारण तो लोटेन्शनचे फ्यूज चाचपत बसत नाही. निम्म्या व्होल्टेजवर मोटर फिरू शकत नाही, पण करंट मात्र भरमसाट ओढते. म्हणून अशा वेळी फ्रिज, पंप, एसी लगेच बंद करावेत.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट: काही घरांत दिवे प्रखर, काहींत मंद, आणि कोणी गीझर लावला की हे सगळं हलतं. न्यूट्रल ढिली झालीय किंवा तुटलीय. तेव्हा दोन फेजवरची घरं 400 व्होल्टवर एकामागे एक जोडल्यासारखी होतात. समजा एकाकडे 2000 वॉटचा लोड आहे आणि दुसऱ्याकडे 500 वॉटचा. पहिल्याचा रोध सुमारे 26 ओहम, दुसऱ्याचा सुमारे 106. हिशेब केला की पहिल्याला 80 व्होल्ट मिळतात आणि दुसऱ्याला 320. ज्याने कमी वीज वापरली त्याचाच टीव्ही जळतो! फ्यूज इथे उडत नाही, कारण न्यूट्रलमध्ये तो ठेवलेलाच नसतो आणि ठेवूही नये. जिथे न्यूट्रल आणि अर्थ (अर्थिंग) एकाच तारेतून येतात तिथे उपकरणांच्या धातूच्या अंगातही व्होल्टेज उतरू शकतं. हे लक्षण दिसलं की मेन स्विच पाडावा आणि 'लाइट कमी-जास्त होतेय' असं न सांगता 'न्यूट्रल गेल्याची लक्षणं आहेत' असंच सांगावं. पहिल्या वाक्यावर 'सकाळी बघू' म्हटलं जातं, दुसऱ्यावर माणूस निघतो.

जुन्या लाइनवर न्यूट्रलची दुखणी वाढण्याला आणखी एक कारण आहे. पूर्वी तिन्ही फेजचा लोड सारखा असला की न्यूट्रलमधला करंट जवळपास शून्य, म्हणून ती तार बारीक टाकायची पद्धत होती. आता एलईडी दिवे, चार्जर, संगणक यांच्यामुळे करंटमध्ये तिसरा हार्मोनिक (मूळ लहरीच्या तिप्पट वारंवारतेचा भाग) येतो, आणि तो तिन्ही फेजचा मिळून न्यूट्रलमध्ये रद्द न होता साठतो. लोड अगदी समतोल असूनही न्यूट्रल तापलेली सापडते, ती यामुळे.

केव्हा गेलं

रोज ठरावीक वेळी, लोड सर्वांत जास्त असतानाच फ्यूज जात असेल तर जास्तीचा लोड किंवा तापणारा लग (तारेच्या टोकाला बसवलेला धातूचा तुकडा) यांवर संशय घ्यावा. पावसानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी जात असेल तर जमिनीखालच्या जोडात पाणी शिरतंय. वारा सुटला की जात असेल तर दोन खांबांमधल्या तारा सैल होऊन एकमेकींना लागताहेत, नाहीतर फांदी टेकतेय. नुसत्या रिमझिमीत किंवा धुक्यात फ्यूज जातो आणि धो धो पावसात काहीच होत नाही, हा प्रकार ऐकून लोक हसतात. पण त्याचं कारण सरळ आहे. चिनी मातीच्या इन्सुलेटरवर साठलेली धूळ थोड्याशा ओलीने वीज वाहू लागते, आणि मोठा पाऊस तीच धूळ धुऊन नेतो.

तार घालायचा जुना फ्यूज असेल तर उडालेला तुकडा फेकू नका. तार मधोमध वितळून थेंब धरलेला दिसला तर लोड जास्त होता. तार जवळपास नाहीशी होऊन आजूबाजूला काळे, धातूचे शिंतोडे उडाले असतील तर शॉर्ट सर्किट. बंद नळीच्या एचआरसी फ्यूजमध्ये हे दिसत नाही, तिथे वहीवरच भागवावं लागतं.

आणि फ्यूज सारखा जातो म्हणून जाड तार घालणं. यावर जास्त लिहायची इच्छा नाही. जाड तार घातली की फ्यूज उडायचा थांबतो हे खरं आहे. त्याच्या जागी केबल जळते, आणि केबल जळायला लागली की ती कुठे जळेल हे आपण ठरवत नाही.

जमिनीखालची केबल: येणारा-जाणारा दोष

सगळ्यात डोकं खाणारा दोष हाच, म्हणून इथे थोडं थांबतो.

लोटेन्शन केबलच्या जोडात ओल शिरली की फेज आणि न्यूट्रलमध्ये बारीक ठिणगी पडते. ती वाढत जाऊन एक दिवस फ्यूज उडवते. पण त्याच ठिणगीच्या उष्णतेने ओल सुकते. आजूबाजूचं डांबर किंवा प्लास्टिक वितळून फटीत बसतं. आता फ्यूज घाला, मेगर (इन्सुलेशन तपासणारं मीटर) लावा, सगळं चांगलं दिसतं. केबल काही दिवस किंवा काही आठवडे तशीच चालते, मग ओल परत येते. म्हणून 'तपासली, केबलमध्ये काही नाही' हा शेरा खोटा नसतो. तो फक्त त्या क्षणापुरता खरा असतो.

अशा केबलमध्ये दोष जिवंत असतानाच त्याला पकडावं लागतं. त्याची मुख्य पद्धत अशी: केबलमध्ये एक छोटा पल्स सोडायचा आणि त्याचा प्रतिध्वनी किती वेळाने परत येतो ते पाहायचं. केबलमध्ये हा पल्स प्रकाशाच्या निम्म्या ते दोन तृतीयांश वेगाने जातो. एक्सएलपीई (आजच्या प्लास्टिक इन्सुलेशनच्या) केबलमध्ये तो वेग एका मायक्रोसेकंदाला 160 ते 170 मीटरच्या आसपास येतो, म्हणजे जाऊन-येऊन एक मायक्रोसेकंद लागला तर दोष सुमारे 80 मीटरवर. लोटेन्शन केबलला जागोजागी घरांच्या जोडण्या फुटलेल्या असतात आणि प्रत्येक फाटा आपला वेगळा प्रतिध्वनी पाठवतो, त्यामुळे एकटा आलेख पाहून काही उमगत नाही. चांगल्या स्थितीतला आलेख आधी साठवून ठेवायचा, उपकरण चालू लाइनवर लावून ठेवायचं आणि ठिणगी पडेल त्या क्षणाचा आलेख त्याच्याशी ताडून पाहायचा. जिथे दोन्ही वेगळे होतात तिथे खणायचं. फाट्यांमुळे त्यातही काही मीटरांची चूक राहते. ती घालवायला जमिनीत बारीक भोकं पाडून वासाने शोधण्याची पद्धत आहे: जळलेल्या इन्सुलेशनमधून कार्बन मोनॉक्साइड आणि इतर वायू बाहेर पडून मातीत राहतात, गॅस डिटेक्टर ते दाखवतो. दोष ताजा असेपर्यंतच हा वास चांगला मिळतो, म्हणून दुसऱ्या आठवड्यात जाऊन उपयोग नाही.

उपकरणच नसेल तर अर्ध्यावर तोडण्याचा जुना रस्ता आहे. केबल मधल्या लिंक बॉक्समध्ये (तिचे तुकडे जोडणाऱ्या पेटीत) सोडवायची आणि दोन्ही अर्ध्या भागांवर वेगळे फ्यूज ठेवायचे. पुढच्या वेळी जो फ्यूज उडेल त्या अर्ध्यात दोष. मग त्याचे पुन्हा दोन भाग. वेळ लागतो, पण खणण्याचा खर्च आणि लोकांचा राग दोन्ही कमी होतात.

हायटेन्शन केबलची गोष्ट वेगळी. तिथे पुरवठा बंद करून मोठ्या कपॅसिटरमधला चार्ज केबलमध्ये सोडतात. दोषाच्या जागी धप्प असा आवाज होतो आणि जमिनीवर मायक्रोफोन ठेवून तो ऐकतात. एवढंच की जुन्या केबलवर हे धपके तासन्‌तास मारत बसू नये, चांगला भागही दुबळा होतो. जुन्या एक्सएलपीईला उच्च दाबाची डीसी चाचणीही तशीच घातक. पाण्यामुळे त्या इन्सुलेशनमध्ये झाडाच्या फांद्यांसारख्या सूक्ष्म भेगा गेलेल्या असतात. डीसी चाचणीने तिथे चार्ज अडकून राहतो आणि पास झालेली केबल लाइन सुरू केल्यावर काही दिवसांत फुटते. त्याऐवजी 0.1 हर्ट्‌झची अगदी मंद एसी चाचणी करतात.

शिशाचं आवरण आणि तेलात भिजवलेला कागद अशी जुनी केबल मात्र कमी लेखू नका. लंडनसाठी डेटफर्डहून 10 हजार व्होल्टची वीज आणताना अभियंता फेरांती यांनी 1890 च्या सुमारास कागदाचंच इन्सुलेशन वापरलं होतं, आणि पुढे जवळपास शतकभर शहरांखाली कागदाचीच सत्ता होती. शिसं अखंड आहे आणि केबल हलवलेली नाही तोवर ती टिकते. तिला मारतो तो ओलावा. तो तपासण्याची रीत अजूनही तीच: केबल कापली की कागदाची पट्टी चिमट्याने धरून कडकडीत तापलेल्या तेलात बुडवायची. चुरचुर आवाज आला किंवा बुडबुडे आले तर ओल आहे, अजून थोडी मागे कापा. ही चाचणी टाळून जुन्या कागदी केबलला नवी प्लास्टिकची केबल जोडली की पुढचा दोष त्याच जोडात येतो. माझ्या मते जुन्या जाळ्यातला सर्वांत दुबळा भाग केबल नाही, घाईत केलेला हा मिश्र जोड आहे.

लग, थिंबल आणि ॲल्युमिनियम

खांबावर असो की डीपीत, तापणारा जोड हा दुसरा मोठा गुन्हेगार. 100 अँपिअर वाहत असताना जोडाचा रोध एक मिलिओहम असेल तर तिथे 10 वॉट उष्णता होते. रोध 10 मिलिओहम झाला की 100 वॉट, एवढ्याशा लगमध्ये. तापला की ऑक्साइड वाढतं, ऑक्साइडने रोध वाढतो, रोधाने आणखी तापतो. ॲल्युमिनियम उघडं पडताच त्यावर वीज न वाहणारा ऑक्साइडचा थर चढतो. दाबाखाली ते हळूहळू पसरतं आणि गरम झालं की तांब्यापेक्षा जास्त फुगतं. आज घट्ट पिळलेला बोल्ट दोन वर्षांनी सैल सापडतो तो यामुळे. पुन्हा पुन्हा आवळत राहणं हा उपाय नाही, त्याने धातू आणखी चेपतो. तार ब्रशने घासायची, लगेच जोडाचं ग्रीस लावायचं, मापाच्या डायने क्रिम्प करायचं (दाबून बसवायचं), बोल्टखाली स्प्रिंग वॉशर घालायचा, आणि तांब्याला ॲल्युमिनियम भेटतं तिथे बायमेटल (दोन्ही धातूंचा) लग वापरायचा. तांब्याची तार ॲल्युमिनियमवर नुसती गुंडाळलेली दिसली की समजावं, पहिल्या पावसाळ्यातच दोघांमध्ये गंज सुरू होणार.

थर्मल कॅमेरा हे पकडतो, पण दुपारी लोड कमी असताना फोटो काढून 'सगळं ठीक' लिहिणं व्यर्थ. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. निम्म्या लोडवर ती चौथाईच असते, दोष दिसणारच नाही.

फ्यूज जात नाही, पण व्होल्टेज पडतं

50 चौरस मिमी ॲल्युमिनियमचा रोध किलोमीटरला साधारण 0.64 ओहम. 400 मीटर लांबीवर 100 अँपिअर गेले की फेजमध्ये सुमारे 26 व्होल्ट गळतात. लोड एकाच फेजवर असेल आणि तो करंट तेवढ्याच जाडीच्या न्यूट्रलमधून परत येत असेल तर दुप्पट. म्हणून तार बदलण्याआधी टोंग टेस्टर (तारेभोवती धरून करंट मोजणारं मीटर) घेऊन संध्याकाळी तिन्ही फेज आणि न्यूट्रलचा करंट मोजावा. एका फेजवरची काही घरं दुसऱ्यावर घेणं हे सगळ्यात स्वस्त काम आणि सगळ्यात कमी केलं जाणारं.

पुढचा मोह रोहित्राचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची पायरी) वर करण्याचा. हे टॅप साधारण अडीच टक्क्यांच्या पायऱ्यांचे असतात आणि बहुतेक लहान रोहित्रांत ते वीज बंद करूनच बदलतात. संध्याकाळचं व्होल्टेज सावरायला टॅप वर केला आणि त्याच लाइनवर छतावरचे सोलर पॅनेल वाढले, तर भर दुपारी व्होल्टेज इतकं चढतं की सोलरचे इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतात. त्याची तक्रार वेगळ्या नावाने येते, पण कारण तेच.

तात्पुरता पुरवठा देताना

दोषाचा तुकडा तोडून बाकीच्यांना शेजारच्या केबलवरून वीज देणं रास्त आहे. पण ती शेजारीण त्याच वयाची असते आणि आता दोघींचं ओझं वाहते. ऑकलंडच्या मध्यवर्ती भागात 1998 मध्ये असंच झालं. शहराला वीज देणाऱ्या 110 हजार व्होल्टच्या चार मुख्य केबल्सपैकी एक जानेवारीत गेली, दुसरी फेब्रुवारीच्या सुरुवातीला, आणि उरलेल्या दोन त्याच महिन्यात एका पाठोपाठ. पाच आठवडे शहराचा मध्यभाग जनरेटर आणि तात्पुरत्या लाइनवर होता. म्हणून पर्यायी पुरवठ्यावर रोज संध्याकाळी करंट वाचायचा, आणि तो किती दिवस चालवायचा त्याची तारीख आधीच लिहून ठेवायची.

काम करणाऱ्यांसाठी इथे सगळ्यात मोठा धोका उलट पुरवठ्याचा. एखाद्याचा जनरेटर चेंजओव्हर स्विचशिवाय (लाइन आणि जनरेटर यांपैकी एकच जोडणाऱ्या स्विचशिवाय) जोडलेला असला तर त्याचे 230 व्होल्ट रोहित्रातून उलटे जाऊन हायटेन्शन तारेवर हजारो व्होल्ट होतात. तोडा, कुलूप लावा, व्होल्टेज नाही हे तपासा, मग दोन्ही बाजूंना अर्थिंग करा. यातली शेवटची पायरी घाईत गळते आणि माणूस जातो.

दुरुस्ती झाली की जोडाची जागा ठरलेल्या खुणेपासून मोजून लिहावी: कोणत्या खांबापासून किती मीटर, किती खोल, कोणत्या प्रकारचा जोड, कोणी केला. पल्सचा नवा आलेख त्याच दिवशी साठवावा. तक्रार पुढच्या दोन-तीन पावसांनंतर आणि एका पूर्ण लोडच्या संध्याकाळनंतरच बंद करावी. तोवर लाइनच्या शेवटच्या घरातलं व्होल्टेज रोज एकदा वहीत उतरत राहू द्यावं.